पोटहिश्श्याचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या वाचनालयाचा जमाखर्च दरवर्षी पाडव्याला दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहीत. सरकारी अनुदान किती मंजूर झाले, हातात किती पडले, कोणत्या तारखेला पडले, पुस्तकांवर किती गेले आणि बाइंडरचे किती देणे राहिले, एवढाच मजकूर. मी शाळकरी होतो. शाळेतून परतताना तो फळा वाचायचो. तेव्हा त्यातले काही विशेष वाटले नव्हते. पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या खात्यात नोकरीला लागलो आणि ३१ वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. जिल्हा परिषदा पाहिल्या, पंचायत समित्या पाहिल्या, ग्रामपंचायतींच्या नमुना ५ च्या रोकडवह्या चाळून चाळून माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. पण पैसा निघाला कधी आणि पोचला कधी, या दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिलेला हिशेब मला फार थोड्या ठिकाणी भेटला. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

आपल्या भाषेत ‘पोट’ हा शब्द किती शब्दांच्या आधी लागतो पाहा. सातबाऱ्यावर पोटहिस्सा असतो. चाळीत पोटभाडेकरू असतो, रस्त्याच्या कामावर पोटठेकेदार, शेतात पोटकूळ. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ज्याचा माल आहे आणि ज्याच्या हातात तो शेवटी जातो, त्या दोघांची गाठ पडलेली नसते. मध्ये तिसरा माणूस असतो, आणि करारनामा असतो तो त्याच्याशी. सरकारी अनुदानाचेही असेच होते. दिल्लीहून रक्कम मुंबईला येते, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, आणि तिथून ग्रामपंचायतीला, शाळेच्या समितीला किंवा एखाद्या संस्थेला. कधी मोठी संस्था अनुदान घेते आणि तिच्या हाताखाली दहा लहान संस्था प्रत्यक्ष काम करतात. या शेवटच्या रकमेला मी पोट-अनुदान म्हणतो. सरकारी कागदात हा शब्द सापडणार नाही, पण तुम्हाला तो लगेच कळला असेल.

या साखळीत देखरेख कशाने होते? एका कागदाने. त्याचे नाव उपयोगिता प्रमाणपत्र. कचेरीत सगळे त्याला ‘यूसी’च म्हणतात. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदान घेणाऱ्याने आर्थिक वर्ष संपल्यावर १२ महिन्यांच्या आत ते द्यायचे असते. त्याआधीच्या, २००५ च्या नियमांत या प्रमाणपत्राचा एक नमुना होता, १९-अ. त्या नमुन्याने माझ्या नोकरीचा बराच काळ व्यापला, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक सांगतो. वर रकमांचा तक्ता. खाली सही करणारा अधिकारी लिहून देई की, ज्या अटींवर अनुदान मंजूर झाले त्या पाळल्या गेल्याची माझी खात्री झाली आहे आणि पैसा त्याच कामावर खर्च झाला हे पाहण्यासाठी मी पुढील तपासण्या केल्या आहेत. त्यानंतर ‘तपासणीचे प्रकार’ असा मथळा आणि खाली क्रमांक घालून मोकळ्या ओळी.

त्या मोकळ्या ओळी ज्याने नमुन्यात घातल्या, तो माणूस फार शहाणा असला पाहिजे. तुम्ही काय पाहिलेत ते तुमच्या हाताने लिहा, असे तो सांगत होता. मी पाहिलेल्या प्रमाणपत्रांवर त्या ओळींत काय असे? रोकडवही, व्हाउचर, खतावणी. प्रत्येक प्रमाणपत्रावर हेच तीन शब्द, पुष्कळदा आधीच टंकलिखित करून ठेवलेले. ‘जागेवर जाऊन पाहिले’ हे तीन शब्द मला त्या ओळींत जवळजवळ कधी दिसले नाहीत.

आणि त्यातही एक खोच आहे, जी बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. मधल्या कचेरीने पैसा खाली पाठवला की तिच्या वहीत तो खर्ची पडतो. वितरण म्हणजेच खर्च. जिल्ह्याने तालुक्याला रक्कम दिली, जिल्ह्याचा खर्च शंभर टक्के. तालुक्याने गावाला दिली, तालुक्याचाही शंभर टक्के. वरचा प्रत्येक जण खरे लिहून देऊ शकतो की आम्ही पूर्ण रक्कम वापरली, आणि गावात अजून एक वीटही रचलेली नसते. रक्कम गावाच्या बँक खात्यात पडून आहे, की अजून धनादेशाच्या रूपाने कुणाच्या टेबलाच्या खणात आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत हा आक्षेप पुन्हा पुन्हा येतो. प्रत्यक्ष खर्च होण्याआधीच, केवळ वितरणाच्या आधारे प्रमाणपत्रे दिली गेली, असा तो आक्षेप. वर्षे बदलतात, राज्ये बदलतात, वाक्य तेच राहते.

२०२५ च्या जुलैमध्ये बिहारच्या विधिमंडळापुढे महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल आला. ३१ मार्च २०२४ अखेर ४९,६४९ उपयोगिता प्रमाणपत्रे थकलेली, आणि त्यांची रक्कम ₹७०,८७७ कोटी. त्यातली ₹१४,४५२ कोटींची थकबाकी तर २०१६-१७ पर्यंतची. दूरदर्शन वाहिन्यांवर लगेच ‘सत्तर हजार कोटींचा घोटाळा’ सुरू झाला. मी तुम्हाला लेखापरीक्षकाच्या जबाबदारीने सांगतो, थकलेले प्रमाणपत्र म्हणजे चोरी नव्हे. पैसा चोख खर्च झाला आणि कागद गेला नाही, असेही असते. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे आणि तिची कुठे बातमी होत नाही. वेळेवर पोचलेले, शिक्का-सहीने सजलेले प्रमाणपत्र म्हणजे प्रामाणिकपणाही नव्हे. आपण कागदाच्या अभावाला गुन्हा म्हणतो आणि कागदाच्या उपस्थितीला निर्दोषत्व. या दोन्हींत चूक आहे.

आता मी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. गाव, तालुका, संस्था, कोणाचेच नाव घेत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर निघून जातात आणि शाळा सुटते. ती गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. असेच एक वसतिगृह एक लहानशी संस्था चालवत होती. तिच्या सचिव एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणे. अनुदान शासनाचे, पण ते एका मोठ्या संस्थेमार्फत येई. त्या वर्षी मंजुरी सप्टेंबरात झाली. मोठ्या संस्थेला रक्कम ऑक्टोबरअखेर मिळाली. ताईंच्या खात्यात ती जमा झाली २७ मार्चला.

मधले पाच महिने मुले जेवत होती. जोंधळा, डाळ, तेल, रॉकेल, सगळे गावच्या किराणा दुकानातून उधारीवर आले. दुकानदाराने डिसेंबरनंतर माल द्यायचे थांबवले, तेव्हा ताईंनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या. मार्चमध्ये पैसा आला तेव्हा मोठ्या संस्थेतून निरोप आला की, बिले रक्कम मिळाल्यानंतरच्या तारखेची लागतील, दुकानदाराकडून बदलून आणा आणि ३१ तारखेच्या आत प्रमाणपत्र द्या. ताईंनी बिले बदलली नाहीत. नोव्हेंबरची बिले नोव्हेंबरचीच लावली.

लेखापरीक्षेला मी होतो. नियम स्पष्ट होता, अनुदान प्राप्त होण्यापूर्वीचा खर्च अनुज्ञेय नाही. मी आक्षेप लिहिला आणि जवळजवळ सगळी रक्कम वसूलपात्र दाखवली. त्याच साखळीतल्या इतर वसतिगृहांची बिले २८, २९, ३० मार्चची होती. पाच महिन्यांचा शिधा तीन दिवसांत खरेदी झालेला. माझ्या आक्षेपात त्यांचे नाव नाही. त्यांचे कागद बरोबर होते. मोठ्या संस्थेच्या अहवालात मी लिहिले, ‘पूर्ण रक्कम वितरित, आक्षेप निरंक’.

ताई माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही माझ्या बिलांच्या तारखा बघितल्या. त्यांच्याकडे पैसा कोणत्या तारखेपासून पडून होता, ते कुणी बघितलं?”

मी ते पाहिले नव्हते. पाहण्याचा अधिकार मला होता, वही समोर उघडी होती, पण माझ्या तपासणीच्या यादीत तो प्रश्नच नव्हता. अनेक रात्री मला त्या वाक्याने झोप लागू दिली नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः टिप्पणी लिहून तो आक्षेप वगळण्याची शिफारस केली. तो वगळला गेला, पण त्याला दोन वर्षे लागली. पाटल्यांचे काय झाले ते मी विचारले नाही. माझे धाडस झाले नाही.

ज्या देखरेखीत तारीख बदलणारा सुटतो आणि न बदलणारा सापडतो, तिला देखरेख कसे म्हणायचे? आणि असे का होते, याचे उत्तर मला त्या साखळीतच सापडले. तपासणी नेहमी शेवटच्या हाताची होते. तो हात सगळ्यांत दुबळा असतो, त्याच्याकडे हिशेबनीस नसतो, त्याची कचेरी म्हणजे एक लोखंडी कपाट. मधल्या हाताकडे सनदी लेखापाल असतात, छापील अहवाल असतात, आणि त्याचा खर्च तर वितरणातच पुरा झालेला असतो.

कायद्याला हे उमगले नव्हते असे नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या चौदाव्या कलमाची चर्चा पुष्कळ होते. मोठ्या प्रमाणावर सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांची लेखापरीक्षा त्यात येते. पण पंधरावे कलम वाचा. विशिष्ट कामासाठी अनुदान दिले असेल, तर ते मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने अटी पाळल्या गेल्याची खात्री कोणत्या पद्धतीने करून घेतली, याची छाननी महालेखापरीक्षकांनी करायची आहे. म्हणजे प्रश्न घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला आहे. तू काय पाहिलेस? कसे पाहिलेस? १९-अ मधल्या त्या मोकळ्या ओळींच्या मागे उभा असलेला हाच प्रश्न. इतके नेमके कलम हाती असताना आपण ते तालुक्याच्या पातळीपर्यंत कधी आणलेच नाही, याचे मला आजही दुःख आहे.

अमेरिकेत या विषयाचे मोठे शास्त्र झाले आहे. तिथे १९८४ पासून एकत्रित लेखापरीक्षेचा कायदा आहे. वर्षाला ठरावीक रकमेहून अधिक केंद्रीय पैसा खर्चणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती लेखापरीक्षा करून घ्यावी लागते. ही मर्यादा पूर्वी साडेसात लाख डॉलर होती, आता दहा लाख आहे. ज्याच्या हातून पैसा पुढे जातो त्याची कर्तव्येही लिहून ठेवली आहेत. पुढच्या संस्थेला पैसा देण्याआधी तिच्या बाबतीत धोका किती आहे ते जोखायचे, त्या मानाने लक्ष ठेवायचे, तिच्या लेखापरीक्षेत काही निघाले तर त्याचा पाठपुरावा करायचा. नियम वाचताना मला वाटले, ताईंसारख्यांना हा न्याय मिळाला असता.

पण नियम तिथेही माणसांच्या हातात होते. मिसिसिपी हे त्या देशातले अतिशय गरीब राज्य. गरजू कुटुंबांना तात्पुरता आधार देण्यासाठी १९९६ च्या कायद्याने राज्यांना एकगठ्ठा अनुदान मिळू लागले. मिसिसिपीच्या मानवी सेवा खात्याने त्यातला मोठा हिस्सा दोन स्वयंसेवी संस्थांच्या हाती सोपवला. त्या संस्थांनी तो पुढे आणखी कुणाकुणाला दिला. २०१९ मध्ये खात्यातल्याच एका कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीवरून चौकशी सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये अटका झाल्या. त्या वर्षी मे महिन्यात राज्याचे लेखापरीक्षक शॅड व्हाइट यांच्या कार्यालयाने ९ कोटी ४० लाख डॉलरच्या खर्चावर प्रश्नचिन्ह लावले, आणि पुढच्या वर्षीच्या सखोल तपासणीत ७ कोटी ७० लाख डॉलरचा गैरवापर दाखवला गेला. गरिबांच्या त्या पैशातून एका विद्यापीठात व्हॉलीबॉलचे सभागृह उभे राहिले, ५० लाख डॉलर खर्चून. या अनुदानातून इमारत बांधायला मनाई होती, म्हणून तो खर्च भाडेपट्टा म्हणून दाखवला गेला. २०२२ मध्ये खात्याच्या माजी संचालकांनी आणि एका संस्थेच्या प्रमुख बाईंनी गुन्हे कबूल केले.

या प्रकरणात मला रकमेपेक्षा दुसरीच गोष्ट बोचते. केंद्राचा पैसा खात्याकडे आला, खात्याने संस्थेला दिला, संस्थेने पुढे दिला. वाटेत लिखापढीही झाली. फक्त ज्या आयांच्या नावाने तो पैसा निघाला, त्यांच्यापैकी एकीलाही त्या लिखापढीतला एक कागद पाहायला मिळाला असेल, असे मला वाटत नाही. जिला आपल्या नावाचा पैसा कुठवर आला होता हेच ठाऊक नाही, ती तक्रार तरी कशाची करणार?

यावर एक उपाय आपल्याकडे झाला आहे, आणि तो मला मान्य नाही, हे स्पष्ट सांगतो. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात नोंदणी असलेली एक संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला रक्कम पुढे देऊ शकत होती. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ते पूर्ण बंद केले. मधला हात सांभाळणे अवघड, तर मधला हातच नको. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. कायद्याने तो विषय संपला. पण गावातल्या ज्या महिला मंडळाला इंग्रजीत प्रस्ताव लिहिता येत नाही, दिल्लीतल्या बँकेत खाते उघडून ते चालवता येत नाही, त्यांच्यापर्यंत पैसा पोचण्याचा मार्ग मोठ्या संस्थेतूनच जात होता. पाटाला गळती लागली म्हणून पाटच बुजवला, तर टोकावरच्या शेताचे काय? गळती शोधायला पाटाच्या काठाने चालत जावे लागते. ते कष्टाचे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

संगणकाने काही गोष्टी सुधारल्या, हे मोकळ्या मनाने मान्य करतो. २०२१ पासून केंद्राच्या योजनांसाठी राज्यात एकच मुख्य खाते आणि खाली शून्य शिलकीची खाती, ही पद्धत आली. पैसा वाटेत ठिकठिकाणी पडून राहण्याला त्यामुळे आळा बसला. कोणत्या दिवशी किती रक्कम सुटली ते पडद्यावर दिसते. विहिरीला पाणी लागले का, ते मात्र दिसत नाही.

माझ्या मते सगळ्यांत न्याय्य तरतूद चौदाव्या वित्त आयोगाची होती, आणि तिची कोणी फारशी आठवण काढत नाही. केंद्राकडून मिळालेली रक्कम राज्याने १५ दिवसांत ग्रामपंचायतींना द्यायची, उशीर झाला तर त्या दिवसांचे व्याज राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचे. पंधराव्या आयोगाने ती मुदत १० कामकाजाच्या दिवसांवर आणली. पाहा, इथे भुर्दंड मधल्या हाताला आहे. ताईंच्या वेळी असा नियम त्या मोठ्या संस्थेला लागू असता, तर पैसा मार्चपर्यंत थांबला नसता, पाटल्या हातातच राहिल्या असत्या. हा नियम प्रत्येक पोट-अनुदानाला लागू करायला काय हरकत आहे? अंमल करायला दोन तारखा लागतात, तिसरे काही नाही.

आणि त्या तारखा वाचायच्या कुणी? २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, कोट किराणा गावी, मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले लोकांपुढे मोठ्याने वाचली. जनसुनवाई म्हणून ती ओळखली जाते. ज्यांनी ते काम केले, त्यांनाच कामाचा कागद पहिल्यांदा ऐकायला मिळाला, आणि लबाडी शोधायला लेखापरीक्षक लागला नाही. तिथून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात तो कायदा २००२ मध्ये आला, देशात २००५ मध्ये. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद झाली. मेघालयाने २०१७ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला, तो देशातला पहिला. मी मोठमोठ्या कचेऱ्यांत बसून आक्षेप लिहिले. पण ज्याच्या ताटातले धान्य आहे त्याने एका दुपारी विचारलेल्या प्रश्नाची बरोबरी माझ्या दहा परिच्छेदांना आली नाही. फक्त त्या प्रश्नाचे टोक वर वळले पाहिजे. आज ग्रामसभा सरपंचाला विचारते, ग्रामसेवकाला विचारते, आणि तिथेच थांबते. जिल्ह्याकडे रक्कम किती दिवस होती हे ग्रामसभेच्या ठरावात यायला हवे, आणि जिल्ह्याने त्याचे लेखी उत्तर पुढच्या ग्रामसभेत पाठवायला हवे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सभा बहुधा होतातच. उत्तर द्यायला दीड ते चार महिने मिळतात, ते पुरेसे आहेत.

निवृत्त झाल्यावर मी एकदा मुद्दाम ताईंच्या वसतिगृहावर गेलो. माघ महिना होता, मुले शाळेत गेलेली, चुलीवर पिठले रटरटत होते. ताई थकल्या होत्या, पण ओळखले. चहा झाल्यावर त्यांनी न मागता कपाटातून रोकडवही काढून माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, आता मला अधिकार नाही. “असू द्या, बघा,” म्हणाल्या. जमेच्या बाजूला त्यांनी पट्टीने आखून दोन जादा रकाने घातले होते. एकावर लिहिले होते, ‘वरून निघाल्याची तारीख’. दुसऱ्यावर, ‘आम्हाला पोचल्याची तारीख’. पहिला रकाना बऱ्याच ओळींवर कोरा होता. त्या प्रत्येक कोऱ्या जागेपुढे ताईंनी बारीक अक्षरात एक नोंद केली होती, ‘पत्राने विचारले’, आणि खाली पत्राचा जावक क्रमांक.